आंब घरच्या हरभऱ्याची

माझं मराठी हँडबिलांवर पोसलेलं आहे. उद्गारचिन्हाशिवाय वाक्य संपवायचं मला जिवावर येतं आणि 'जागे व्हा' म्हटल्याशिवाय परिच्छेद सुरू होत नाही. म्हणून दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहून मागितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. अनुभव लिहायला माणूस निवृत्त तरी असावा, नाहीतर दमलेला तरी. मी अजून तिशीही गाठलेली नाही आणि मी चिडलेली आहे. चिडूनच लिहिणार आहे. फक्त मध्ये एक सकाळ अशी आहे की तिच्यापुढे मला अजून चिडता येत नाही. ती सांगायची म्हणून बाकीचं सांगते.

आधी काम काय ते. लातूर-नांदेडकडच्या काही शेतकऱ्यांचा आमचा गट आहे. रासायनिक खत नाही, फवारा नाही, असा माल ते पिकवतात. तो गोळा करून शनिवारी नांदेडात आणि रविवारी लातुरात टेबल मांडून विकायचा, हे माझं काम. आणि मधल्या दिवसांत त्यांच्या रानात जाऊन खरंच फवारा मारलेला नाही ना, हे बघायचं, हेही माझंच काम. हे दुसरं कुणालाच आवडत नाही. शेतकऱ्याला वाटतं, ही पोरगी पाळत ठेवते. गिऱ्हाइकाला वाटतं, एवढं कशाला, पाटी आहे की! पाटी कुणीही लावतं. 'शुद्ध', 'गावरान', 'सेंद्रिय' हे शब्द रंगाऱ्याकडून लिहून घेता येतात.

गिऱ्हाइकांबद्दल तर बोलूच नये, पण बोलते. हिवाळ्यात भेंडी मागतात आणि उन्हाळ्यात मेथी. हंगाम नावाची काही गोष्ट असते हे शाळेतल्या पुस्तकात वाचून तिथंच ठेवून आलेली माणसं. एक बाई गाडीची काच खाली करून विचारायच्या, "फ्लॉवर आहे का? अळी नको हं. पण फवारलेला पण नको." म्हटलं, अळीला काय आम्ही आमंत्रण पाठवतो? एका सरांनी अंबाडीची जुडी परत आणून टेबलावर आपटली. का? आंबट लागते म्हणून!

शेवटी मी एक पत्रक काढलं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं. करडईचा कोवळा पाला बारीक चिरा, त्यात कांदा, हिरवी मिरची, मीठ, शेंगदाण्याचं कूट, वरून कच्चं तेल. हा झाला घोळाणा. शिजवू नका. भाकरीशी खा. तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडा, लेकरांपुढे ठेवा आणि बाजूला व्हा. वाळूक चिरा, मीठ लावा, गप्प बसून खा.

ते पत्रक पूर्ण वाचणारा नांदेडात एकच माणूस निघाला आणि तो माझ्याशी भांडायला वाचायचा. सोनटक्के काका. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मूळचे मुखेडकडच्या खेड्यातले. बोलणं अजून स्टँडवरचं, म्हणजे पलीकडच्या फलाटावर ऐकू जाईल असं.

"ओ पत्रकवाली! घोळाण्यात लिंबू कामून लिवलं न्हाई?"

"काका, लागत नाही लिंबू."

"तुला कुणी सांगितलं? अन् ही मेथी. जैविक हाय, मान्य. भाव कामून दैविक लावलाय?"

"घ्यायची तर घ्या, नाहीतर गर्दी करू नका."

त्यांनी मागं वळून इकडं-तिकडं बघितलं. "गर्दी? मी एकलाच तर हाय की इथं!"

खरंच एकटेच होते. असे आमचे शनिवार जायचे.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी काका आले आणि भांडले नाहीत. पिशवी काखेत दाबून टेबलाच्या कडेला उभे राहिले. मी विचारलं, काय देऊ? तर हळू आवाजात म्हणाले, "हरभऱ्याची आंब मिळंल का?"

शहरातल्या वाचकांना आंब माहीत नसणार, म्हणून सांगते. हरभऱ्याच्या पानावर बारीक लव असते आणि त्या लवेतून आंबट रस पाझरतो. पहाटे हरभऱ्यातून चालत गेलात तर पाय चरचरतात, कापडी बुटांना भोकं पडतात. भाजी खुडणाऱ्या बायकांची बोटं उलतात. तर थंडीच्या दिवसांत संध्याकाळी हरभऱ्यावर स्वच्छ सुती कापड अंथरायचं. रात्रभर दव पडतं, दवात तो आंबटपणा उतरतो आणि कापड ते पिऊन घेतं. उजाडताना कापड पिळायचं. निघतं ते पिवळसर पाणी म्हणजे आंब. काचेच्या भरणीत ठेवायची, धातूला लावायची नाही. पोट दुखलं की चमचाभर पाण्यात, नाहीतर कढीत थेंबभर. दुकानात मिळत नाही. आणि हरभऱ्यावर फवारा मारलेला असेल तर कापड दवाबरोबर तेही पिऊन घेतं, हे वेगळं सांगायला नको.

"कुणाला पाहिजे?" मी विचारलं.

"तुझ्या काकूला. आजार गेला बग, पन त्या जालीम गोळ्यांनी तोंडाची चव घेऊन गेला. गोड न्हाई, तिखट न्हाई. सगळं माती खाल्ल्यावानी लागतं म्हनती. दोन घास खाती अन् ताट सारती. डॉक्टर म्हनले, जाईल ते द्या. जातच न्हाई तर काय देऊ?" त्यांनी पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. "काल आपल्या मनानं म्हनली, ल्हानपनी आबा आंब आनायचे. जिभेला लावली की कान हलायचे. ती मिळाली तर बगू म्हनली. सहा महिन्यांत पयल्यांदा तिनं कायतरी मागितलंय, पोरी."

"येळवशीपर्यंत आणते," मी म्हणाले.

"हाव?"

"हाव!"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूरकडं त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. रानात कडब्याची कोप म्हणजे झोपडी करायची, पूजा करायची आणि तिथंच जेवायचं. जेवायला भज्जी: हरभऱ्याचे, तुरीचे, वालाचे ओले दाणे, रानात हाताला येईल तो पाला, सगळं बेसनात एकत्र शिजवलेलं. वर ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. ती चार-पाच दिवसांवर आली होती आणि माझ्या डोळ्यांपुढे कौसाबाईंचा हरभरा होता. रेणापूरच्या बाजूला त्यांचं गाव, आमच्या गटातल्या जुन्या त्या. मालक वारल्यावर रान त्या आणि त्यांचे दीर बळीराम मिळून करतात. त्या हरभऱ्याचं टहाळ, म्हणजे हिरव्या घाट्यांसकट उपटलेल्या जुड्या, मी लातुरात विकत होते. काळजीच नव्हती.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या बांधावर पाय ठेवला आणि तिथंच थांबले. वास! ज्यानं एकदा घेतलाय त्याला तो सांगावा लागत नाही. धुऱ्यावर फवाऱ्याचा पंप उलटा घालून ठेवलेला. कौसाबाई माझ्याकडे बघेनात.

"कुणी मारलं?"

"मी मारलं," बळीराम कोपीच्या पेंढ्या बांधत होते, तिथूनच म्हणाले. "परवा. घाटेअळी पडली ताई. घाटा अन् घाटा पोखरून राहिली ती."

"निंबोळी अर्क होता ना? पक्ष्यांना बसायला काठ्या लावायच्या सांगितल्या होत्या ना? पत्रक दिलं होतं मी!"

"अळीनं न्हाई ना वाचलं पत्रक!"

मग मी जे काही बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. विषाला औषध म्हणता, औषध मारलं म्हणता, अरे मारलं कुणाला? हा माल मी कुठल्या तोंडानं विकू? हे रान आजपासून गटातून बाहेर! बळीरामही ऐकणाऱ्यातले नाहीत. "बाहेर तर बाहेर! पीक गेल्यावर तुमचा गट येनार हाय का भाकर घेऊन?" आमचा आवाज पलीकडच्या शिवारात जात असणार, कारण दोन-तीन बांधांवर माणसं उभी राहून बघायला लागली.

शेवटी कौसाबाई मध्ये पडल्या. "बास करा दोघं. अगं पोरी, तू तर टहाळ न्यायला येतीस रविवारी. आज कामून आलीस?"

मी सोनटक्के काकूंचं सांगितलं. भांडणाच्या आवाजात सुरू केलं, पण ते काही त्या आवाजात पुरं झालं नाही. नांदेडात एक म्हातारी आहे, तिला कशाचीच चव लागत नाही, तिनं आंब मागितली आहे आणि मी हाव म्हणून बसले आहे.

बळीरामांनी पेंढीची गाठ पक्की केली, सोडली, परत बांधली. मग ओढ्याकडे हात करून म्हणाले, "तिकडल्या तासांना हात लावला न्हाई मी."

तास म्हणजे पेरणीची ओळ. ओढ्याच्या कडेनं हरभऱ्याची काही तासं उभी होती, जरा विरळ, घाट्यांना भोकं पडलेली, पण ताजी.

"वारं तिकडून हिकडं होतं. न्हाई गेलं तिथं. ते घरचं हाय."

"घरचं म्हणजे?"

"म्हंजी घरचं. खायाचं. उद्याच्या भज्जीचं. लेकरं खातेत की."

मला कळायला जरा वेळ लागला आणि कळलं तेव्हा मघापेक्षा जास्त संताप आला. चार वर्षं मी या माणसांना पत्रकं वाटून सांगते आहे की हे विष आहे. चित्रं काढून, लाल अक्षरात! आणि यांना ठाऊकच आहे! ठाऊक आहे म्हणून तर स्वतःच्या लेकरांपुरती ओळ बाजूला ठेवतात. उरलेलं रान बाजाराचं. बाजार म्हणजे कोण? त्यांनी कधी न पाहिलेली लेकरं.

"म्हणजे तुम्हाला कळतं!" मी ओरडले.

"कळाया काय झालंय?" बळीराम म्हणाले. "कळून काय करावं ते तेवढं सांग."

पुढे भांडायला वेळ नव्हता. ऊन कलत होतं. मी हिशेब केला, तर ओढ्याकडच्या तेवढ्या तासांतून फार तर घोटभर आंब निघाली असती. एका घोटानं गेलेली चव जागी होईल का, हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"घोटभरच निघेल," मी म्हणाले.

कौसाबाईंनी बांधावरच्या माणसांकडे बघितलं. "घरची तासं काय आमचीच हायत का? समद्यांचीच हायत. पन कोन दाखवील तुला? दाखवलं म्हंजी बाकीचं कबूल केल्यावानी झालं. तू उद्या छापशील."

"नाही छापणार."

"शपत?"

"शपथ."

(ही शपथ मी जवळजवळ वर्षभर पाळली. हे लिहिण्याआधी विचारलं तेव्हा बळीराम म्हणाले, "छाप. फक्त गावाचं नाव टाकू नको. अन् माझं नाव टाकायचंच आसंल तर मोठ्या अक्षरात टाक." गावाचं नाव म्हणूनच नाही.)

बळीराम उठले आणि बांधावरच्या लोकांकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. हातवारे दिसत होते. एक जण मान हलवून निघून गेला. दुसराही गेला. झालं, मी म्हटलं. पण थोड्या वेळानं मान हलवून गेलेला तो पहिला माणूस धोतर घेऊन परत आला.

मग येतच राहिले. कुणी धोतर, कुणी पांढरा पंचा, कुणी पोराचा शाळेचा सदरा. एका आजींनी ठेवणीतलं पातळ आणलं. कुणी नवा टॉवेल आणला, तो मी साबणाचा वास येतो म्हणून ओढ्यात खळबळून काढायला लावला. आणि मी माझं नावडतं काम सुरू केलं. जिथं जिथं कापड अंथरणार तिथं जाऊन बघायचं. ज्याची घरची तासं फवारलेल्या रानाला खेटून, त्याचं कापड परत. एक गृहस्थ लालबुंद झाले.

"माजं कापड परत? मी काय म्हातारीला विष देऊन राहिलो का?"

"तुम्ही नाही काका, तुमचं शेजारचं तास."

ते तरातरा निघून गेले. नंतर बघते तर भावाच्या रानात, ओढ्यापलीकडे, तेच कापड गुडघ्यावर बसून अंथरत होते. दोघा भावांत बोलणं नाही, असं कौसाबाईंनी मागून सांगितलं.

अंधार पडायच्या आत सगळे घरी गेले. मी कौसाबाईंकडे झोपले.

आता ती सकाळ.

उजाडायच्या बेताला आम्ही रानात आलो. थंडी अशी की बोलताना दात वाजत होते. आकाश स्वच्छ, रात्रभर दव पडलेलं. उजेड जरा वर आला आणि मी बांधावर चढून बघितलं. सगळं शिवार खाली पसरलेलं, काळपट हिरवं, मैलभर. आणि त्यात पांढरे तुकडे. इथं एक लांबुळकी पट्टी, तिथं दोन, ओढ्याकडेनं सलग पाच-सहा, पार टेकाच्या पायथ्याशी एक इवलासा, तो शाळेचा सदरा. तेवढं रान शुद्ध होतं. बोट ठेवून सांगता येत होतं, हे इथं, हे तिथं. आणि तो प्रत्येक तुकडा कुणीतरी कुणाच्या तरी तोंडातल्या घासासाठी राखलेला होता.

मी इतकी वर्षं या शिवारात हिंडले, पण मला हे दिसलं नव्हतं. दिसणार कसं? हरभऱ्यासारखाच हरभरा. केवढं थोडं राहिलंय, म्हणून रडू यावं की कुणी न सांगता एवढं राखलंय, म्हणून हात जोडावेत, ते मला ठरवता येईना. मी नुसती उभी राहिले. उद्गारचिन्ह सुचलं नाही.

"काय बगून राहिलीस?" कौसाबाई खालून म्हणाल्या. "ऊन आलं तर उडून जाईल समदं. पीळ की!"

जड झालेली कापडं उचलून आम्ही एका मातीच्या परातीवर पिळली. पाणी निघालं ते फिकं पिवळं, हरभऱ्याच्या कोवळ्या वासाचं. हातावरच्या चिरांना लागून आग व्हायला लागली. मी बोटाचं टोक जिभेला लावलं. आई गं! डोक्याच्या मागच्या बाजूपर्यंत कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं आणि मग सगळ्या तोंडात गारवा. एवढं त्या पानावर रात्रीतून कुठून येतं? जमिनीतून, दवातून, काय माहीत. बळीरामांनीही बोट बुडवून चाटलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "ही लागली न्हाई तर म्हातारी कामातून गेली समज." कौसाबाईंनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

अर्धी भरणी झाली. मला लगेच निघायचं होतं, पण येळवशीला रानातून उपाशी कोण जाऊ देणार? पंगतीला वेळ होता तरी बायकांनी चुलीवरची पहिली भज्जी काढून मला वाढली, वरून आंबील पाजली आणि डबाही बांधून दिला. लातुरातून नांदेडची बस धरली. भरणी मांडीवर, तिच्या तोंडाला जुन्या पातळाचा तुकडा बांधलेला. अख्ख्या रस्त्यात दोन्ही बाजूंच्या रानांत कोपी आणि धूर आणि पंगती.

काका दारातच उभे होते. काकू पलंगावर भिंतीला टेकून बसलेल्या. बारकं, शांत तोंड. मी काचेच्या वाटीत थोडी आंब ओतली. काकूंनी बोट बुडवलं, जिभेला लावलं.

काही झालं नाही.

"पाणी हाय," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात, नुसती माहिती.

काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी पाट्या लावणाऱ्यांना, फवारणाऱ्यांना, अळीला, सगळ्यांना शिव्या देऊ शकते. पण गोळ्यांनी मेलेल्या जिभेशी भांडायचं कसं? मग काय करावं म्हणून सांगायला लागले. शिवाराचं सांगितलं. धोतरं, पंचे, शाळेचा सदरा, न बोलणारे भाऊ. काकू ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "आजीबाईनं ठेवणीतलं पातळ दिलं?"

"हो. दवानं पिवळं पडलं ते. आता नेसता यायचं नाही."

काकूंनी वाटी उचलली आणि सगळी तोंडात रिचवली. धरून ठेवली. बराच वेळ. मग त्यांची हनुवटी थरथरली. एक डोळा घट्ट मिटला, खांदे कानापर्यंत वर गेले आणि घशातून असा काही आवाज निघाला की काका गर्रकन वळले.

"काय झालं? काय झालं गं?"

काकूंनी गिळलं. श्वास घेतला. "मीठ न्हाई घातलं," त्या म्हणाल्या. "आबा मीठ घालून द्यायचे. असं कोन देतं का, मेल्यांनो?"

काका स्वयंपाकघरात पळाले. मिठाचा डबा उघडताना झाकण खाली पडून घरभर फिरल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा मुठीत मीठ आणि डोळे भरलेले. मीठ घालून काकूंनी आणखी चमचाभर घेतली आणि त्यावर डब्यातली भज्जी. चार घास. पुरे चार. पाचव्याला ताट सारलं. सगळी चव काही परत आली नाही, अजूनही गोड लागत नाही त्यांना. पण आंबट परत आलं आणि त्याच्यामागून मीठ, हळूहळू.

पुढच्या शनिवारी काका टेबलावर आले. मेथीचा भाव विचारला. मी सांगितला. "लुटून राहिली लोकांला!" ते गरजले आणि मला एवढं बरं वाटलं!

कौसाबाईंचं रान मी त्या हंगामात गटातून बाहेरच ठेवलं. नियम तो नियम. टहाळ विकलं नाही. बळीराम माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. आणि मी अजूनही म्हणते, घरच्या ओळी राखून बाजाराला विष पाठवणं हा अन्याय आहे, अन्याय आहे, अन्याय आहे! यात बदल नाही.

परवा हे लिहायला बसले तेव्हा बळीरामांचा फोन आला. हरभऱ्याची पेरणी चालू होती, मागं बैलांना हाकल्याचा आवाज.

"ताई, ओढ्याकडली घरची तासं औंदा वाढवून राहिलो. दुप्पट."

"कामून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"घरात मानूस वाढलं की. ती नांदेडची म्हातारी. तिला औंदा पन आंब लागंल, न्हाई का?"

मी म्हणाले, "बळीराम काका, नांदेडात माणसं खूप आहेत. लातुरात पण आहेत."

ते हसले. "मंग तर अख्खं रानच घरचं करावं लागंल."

"तेच तर चार वर्षं पत्रकात लिहिते आहे!"

"पत्रक कोन वाचतंय, ताई," ते म्हणाले. "म्हातारीला सांग, भरनी धुवून वाळवून ठिव म्हनावं."